रस्तासुरक्षेतील लाभ-खर्च विश्लेषण आणि धोरणकर्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाभ-खर्च विश्लेषण म्हणजे नेमके काय, आणि रस्तासुरक्षेत त्याचे काम काय?

एखाद्या उपायावर होणारा खर्च आणि त्यातून समाजाला होणारा लाभ हे दोन्ही शक्य तितके पैशांत मोजायचे, वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एकाच वर्षाच्या मूल्यात आणायचे आणि मग त्यांची तुलना करायची, हा या विश्लेषणाचा गाभा आहे. खर्चाच्या बाजूला बांधकाम, देखभाल आणि अंमलबजावणी येते. लाभाच्या बाजूला टळलेले मृत्यू, टळलेल्या दुखापती, वाचलेला वैद्यकीय खर्च आणि वाहनांचे टळलेले नुकसान येते. प्रवासाच्या वेळेत पडणारा फरक कधी या बाजूला, तर कधी त्या बाजूला जातो, आणि पुष्कळ वाद तिथूनच सुरू होतात.

ही पद्धत रस्तासुरक्षेसाठी तयार झालेली नाही. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने 1844 मध्ये सार्वजनिक बांधकामांची उपयुक्तता मोजण्याची कल्पना मांडली, आणि अमेरिकेच्या 1936 च्या पूरनियंत्रण कायद्याने प्रकल्पाचे लाभ खर्चापेक्षा अधिक असावेत ही अट सरकारी कामकाजात आणली. रस्ते आणि पूल यांच्या हिशेबात ती नंतर रुळली, आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न त्या हिशेबात आल्यावर तिच्याबद्दलची अस्वस्थताही वाढली.

ही मोजदाद करण्याचे कारण मात्र साधे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 11.9 लाख माणसे रस्ते अपघातांत मरण पावली, त्यांपैकी सुमारे 92 टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. उपाय पुष्कळ आहेत आणि निधी मर्यादित आहे, त्यामुळे कोणता उपाय आधी करायचा हे कोणाला ना कोणाला ठरवावे लागते.

धोरणकर्ते हे विश्लेषण खरोखर वापरतात का?

वापरतात, पण अर्थशास्त्रज्ञांना अपेक्षित असते त्या रीतीने क्वचितच. या विषयावर चांगला प्रकाश नॉर्वेमध्ये पडला. कारिन न्यूबोर्ग या अर्थशास्त्रज्ञ महिलेने तेथील संसदेच्या वाहतूक समितीतील सदस्यांना, राष्ट्रीय रस्ते आराखड्यातील प्रकल्प ठरवताना ते लाभ-खर्च गुणोत्तराचे, म्हणजे लाभाला खर्चाने भागून येणाऱ्या आकड्याचे, काय करतात, हे मुलाखतींतून विचारले. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, बहुतेक सदस्य गुणोत्तराकडे अंतिम निकाल म्हणून पाहत नव्हते. कोणत्या प्रकल्पांकडे अधिक लक्ष द्यावे हे निवडण्यासाठी ते त्याचा चाळणीसारखा उपयोग करत होते. डाव्या विचारांचे सदस्य या पद्धतीबाबत अधिक साशंक होते आणि उजवीकडचे अधिक अनुकूल होते, हेही त्यात नोंदले गेले.

नेदरलँड्समध्ये मोठ्या राष्ट्रीय पायाभूत प्रकल्पांसाठी 2000 पासून असे विश्लेषण प्रक्रियेचा भाग आहे. तरीही डेल्फ्ट येथील संशोधक नीक माउटर यांनी डच राजकारण्यांशी बोलून मांडलेले चित्र नॉर्वेपेक्षा फार वेगळे नाही. अहवाल हातात पडेपर्यंत अनेकांचे मत तयार झालेले असते, अहवालाच्या निःपक्षपातीपणावर सर्वांचा भरवसा नसतो, आणि पुष्कळांना कागदापेक्षा माणसांशी बोलून मत बनवणे पसंत असते. या शेवटच्या सवयीला अर्थशास्त्रज्ञ नाके मुरडतात. मला ती इतकी वाईट वाटत नाही. रस्त्यावर रोज चालणाऱ्या माणसाला जे ठाऊक असते, त्यातले पुष्कळसे तक्त्यात आलेलेच नसते.

माणसाच्या जिवाची किंमत ठरवणे अनैतिक नाही का?

धोरणकर्त्यांचा सर्वांत मूलभूत आक्षेप हाच आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र विश्लेषणात मोजले जाते ते काय, हे आधी स्पष्ट असायला हवे. 1968 मध्ये अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी एक महत्त्वाचा भेद पुढे आणला: समोर दिसणाऱ्या, नाव-गाव असलेल्या व्यक्तीचा जीव ही एक गोष्ट, आणि मोठ्या लोकसंख्येत प्रत्येकाच्या मृत्यूची शक्यता थोडी कमी होणे ही दुसरी. समजा, एका शहरातील 1 लाख लोकांपैकी प्रत्येकाचा वर्षभरात अपघाती मृत्यू होण्याचा धोका 1 लाखात 1 ने कमी झाला, आणि त्यासाठी प्रत्येक जण सरासरी 50 एकक द्यायला तयार आहे. मग एक मृत्यू टाळण्याची त्या समाजाच्या लेखी किंमत 50 लाख एकक झाली. या आकड्याला सांख्यिकीय जीवनमूल्य म्हणतात. कोणा एका माणसाला वाचवायचे की नाही, याचे उत्तर त्यात नसते.

तरीही अस्वस्थता उरते, कारण अशा आकड्यांचा दुरुपयोग झालेला आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात फोर्ड कंपनीचे एक टिपण गाजले. वाहन उलटल्यावर इंधनगळतीतून लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी प्रत्येक वाहनामागे 11 डॉलर खर्च येईल, 1 कोटी 25 लाख वाहनांसाठी तो सुमारे 13 कोटी 70 लाख डॉलर होईल, आणि 180 मृत्यू, 180 गंभीर भाजण्याच्या दुखापती व जळालेली वाहने टळून होणारा लाभ मात्र 5 कोटी डॉलरपेक्षा कमीच भरेल, असा तो हिशेब होता. त्यात एका मृत्यूची किंमत 2 लाख डॉलर धरली होती. हे टिपण केंद्रीय वाहनसुरक्षा नियामकाच्या प्रस्तावित नियमासंदर्भात तयार झाले होते आणि त्यातले आकडे सर्व उत्पादकांच्या वाहनांना धरून होते, एका मॉडेलपुरते नव्हते, हा तपशील नंतरच्या चर्चेत बहुधा गळून पडतो. पण तो लक्षात घेतला तरी लोकांच्या मनातला प्रश्न मिटत नाही: ज्याला उपायाचा खर्च करावा लागणार आहे, त्यानेच त्याचा हिशेब का मांडावा?

माझे मत असे की, आकडा नाकारल्याने किंमत नाहीशी होत नाही. एका वळणावर क्रॅश बॅरियर बसवायचा आणि दुसऱ्यावर नाही, असा निर्णय झाला की जिवांची तुलना झालेलीच असते. ती फक्त लिहून ठेवलेली नसते. लिहिलेल्या आकड्याला निदान कोणी आव्हान देऊ शकते.

सांख्यिकीय जीवनमूल्य देशोदेशी एवढे वेगळे का असते?

पद्धत, उत्पन्न आणि काळ ही त्याची तीन कारणे आहेत. जुनी पद्धत मानवी भांडवलाची होती: माणूस जगला असता तर त्याने किती उत्पादन केले असते, हे तिच्यात मोजले जाते. त्या हिशेबात निवृत्त माणूस किंवा घर सांभाळणारी स्त्री जवळजवळ शून्यावर येते, आणि म्हणून ती पद्धत पुष्कळ देशांनी मागे टाकली. ब्रिटनने 1988 मध्ये मृत्यूंसाठी लोकांची पैसे मोजण्याची तयारी हा आधार धरला आणि 1987 च्या किमतींनुसार 5 लाख पौंड हे मूल्य ठरवले. अमेरिकेच्या परिवहन विभागाचे मूल्य 2012 या आधारवर्षासाठी 91 लाख डॉलर होते आणि 2022 साठी ते 1 कोटी 25 लाख डॉलर झाले.

जिथे स्वतःचे सर्वेक्षण नाही, तिथे रस्त्यांना सुरक्षिततेचे तारांकन देणाऱ्या आयरॅप या संस्थेने रूढ केलेला ठोकताळा वापरला जातो: एका मृत्यूसाठी दरडोई सकल उत्पादनाच्या 70 पट, आणि गंभीर दुखापतीसाठी त्याच्या एकचतुर्थांश. सोयीपुरता तो चालतो. त्यातून गरीब देशातले मूल्य कमी निघते, ही टीका रास्त आहे. पण त्या देशात बांधकामाचा खर्चही कमी असतो, आणि मूल्य देशांतर्गत निवडीसाठीच वापरायचे असते. खरी अडचण एका देशाच्या आत येते. श्रीमंत वस्तीतील रहिवासी सुरक्षिततेसाठी अधिक पैसे मोजू शकतो म्हणून त्याच्या रस्त्याला जास्त लाभ दाखवणे कोणत्याही लोकनियुक्त प्रतिनिधीला मान्य होणार नाही, आणि होऊही नये. म्हणूनच सरकारे सामान्यतः सर्व नागरिकांसाठी एकच सरासरी मूल्य वापरतात.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा दिसतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका धोकादायक चौकात सिग्नलऐवजी राउंडअबाउट करायचा आहे, खर्च 180 एकक. त्यामुळे दहा वर्षांत एक मृत्यू आणि पाच गंभीर दुखापती टळतील असा अंदाज आहे. मृत्यूचे मूल्य 100 एकक आणि गंभीर दुखापतीचे 25 एकक धरले, तर वर्षाला मृत्यूंमधून 10 आणि दुखापतींमधून 12.5, असा एकूण 22.5 एकक लाभ होतो. येथेच एक गोष्ट नजरेत भरते: चर्चा सगळी मृत्यूंची होते, पण लाभाचा मोठा वाटा दुखापतींमधून येतो. दुखापतींची नोंद मात्र मृत्यूंपेक्षा कितीतरी ढिसाळ असते.

आता 20 वर्षांचा लाभ आजच्या मूल्यात आणायचा. त्यासाठी भविष्यातल्या लाभाचे मूल्य दरवर्षी ठरावीक टक्क्याने कमी धरतात; त्या टक्क्याला वटाव दर म्हणतात. तो 4 टक्के धरला तर लाभ सुमारे 306 एकक भरतो आणि गुणोत्तर 1.7 येते. दर 8 टक्के धरला तर लाभ 221 वर उतरतो आणि गुणोत्तर 1.2 होते. 12 टक्क्यांना लाभ 168 उरतो, म्हणजे खर्चापेक्षाही कमी. चौक तोच, माणसे तीच आणि अपघातही तेवढेच, तरी प्रकल्प एका दराला उत्तम ठरतो आणि दुसऱ्या दराला नापास.

मग वटाव दर कोण ठरवते?

बहुतेक ठिकाणी अर्थ मंत्रालय किंवा कोषागार. ब्रिटनमध्ये तो मूळ दर 3.5 टक्के आहे. विकास बँका आणि अनेक विकसनशील देश त्याहून पुष्कळ चढा दर वापरत आले आहेत. रस्तासुरक्षेचे बहुतेक उपाय आज खर्च मागतात आणि लाभ वर्षानुवर्षे थोडा थोडा देतात, म्हणून चढ्या दराचा फटका त्यांना हमखास बसतो. धोरणकर्त्याने अहवालात पहिल्यांदा कोणते पान उघडावे असे कोणी विचारले, तर मी दराचे पान सांगेन.

प्रवासाचा वेळ सुरक्षिततेच्या विरोधात कसा जातो?

वेग कमी केला की अपघात कमी होतात, हे पक्के ठाऊक आहे. स्वीडिश संशोधक योरान निल्सन यांच्या सूत्रानुसार जीवघेणे अपघात सरासरी वेगाच्या साधारण चौथ्या घातानुसार बदलतात. म्हणजे वेगात 1 टक्का वाढ झाली तर असे अपघात सुमारे 4 टक्क्यांनी वाढतात. पण वेग कमी केला की प्रत्येक प्रवाशाचा थोडा वेळ वाढतो, आणि लाखो प्रवाशांची ती सेकंदे एकत्र केली की लाभाच्या बाजूचे जीव झाकून टाकणारी रक्कम उभी राहते.

अमेरिकेतील ताशी 55 मैल ही राष्ट्रीय वेगमर्यादा याचे अभिजात उदाहरण आहे. 1974 मध्ये ती इंधन वाचवण्यासाठी आली आणि 1995 मध्ये रद्द झाली. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 1984 च्या अहवालाने अंदाज दिला की, या मर्यादेमुळे वर्षाला 2,000 ते 4,000 जीव वाचतात आणि लोकांचे सुमारे 100 कोटी तास जास्त जातात. भागाकार केला तर एका वाचलेल्या जिवामागे इतरांची साधारण 29 ते 57 वर्षे रस्त्यावर गेली असे निघते. हा भागाकार मर्यादेच्या विरोधात मांडता येतो आणि बाजूनेही. विरोधक म्हणतील, एका आयुष्याच्या बदल्यात एक आयुष्यच गेले. समर्थक म्हणतील, कोणाचेही आयुष्य गेले नाही. असंख्य लोकांची काही मिनिटे गेली, आणि प्रवासातली दोन मिनिटे वाचल्याने माणूस त्या मिनिटांत काय करतो हे तरी सांगा.

दुसरा मुद्दा मला अधिक पटतो, पण तो सार्वत्रिक नियम मानणे चुकीचे ठरेल. मालवाहतुकीत किंवा रुग्णवाहिकेच्या प्रवासात मिनिटांना खरा अर्थ असतो. म्हणून धोरणकर्त्यांनी वेळेचा लाभ रद्द करण्याची मागणी करण्यापेक्षा तो वेगळ्या रकान्यात दाखवण्याची मागणी करावी: किती प्रवाशांचा, प्रत्येकी किती आणि कोणत्या कामाच्या प्रवासातला.

माउटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. तोच माणूस स्वतःचा मार्ग निवडताना वेळेच्या तुलनेत सुरक्षिततेला जेवढे महत्त्व देतो, त्यापेक्षा सरकारने कोणता रस्ता बांधावा हे सांगताना तो तिला जास्त महत्त्व देतो. विश्लेषणातली मूल्ये मात्र सहसा ग्राहकाच्या भूमिकेतून काढलेली असतात. लोकप्रतिनिधींना सुरक्षिततेचे आकडे अपुरे वाटतात, त्यामागे केवळ भावनिकता नाही. ते नागरिकाच्या भूमिकेतील माणसाचे प्रतिनिधित्व करत असतात.

नियम मोडून वाचवलेला वेळ लाभ म्हणून मोजावा का?

स्पीड कॅमेरे बसवल्यावर मर्यादा ओलांडणाऱ्यांचा वेळ वाढतो. काही विश्लेषणांत ही वाढ समाजाचा तोटा म्हणून धरली जाते, आणि ते पाहून कायदे करणारी मंडळी चकित होतात. चोराने गमावलेला माल समाजाच्या नुकसानीत कोणी धरत नाही. काही अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, मर्यादाच चुकीची असेल तर तो तोटा खरा असतो. ते मान्य केले तरी त्यावरचे उत्तर मर्यादा बदलणे हे आहे, उल्लंघनाला लाभाचा दर्जा देणे हे नाही. संबंधित अहवालात हा वेळ धरला आहे की नाही, एवढे तरी स्पष्ट लिहिलेले असावे.

‘व्हिजन झिरो’ स्वीकारले की लाभ-खर्चाची गरज उरते का?

स्वीडनच्या संसदेने ऑक्टोबर 1997 मध्ये व्हिजन झिरो मंजूर केले. रस्ते वाहतुकीत माणसे मरणे किंवा गंभीर जखमी होणे नैतिकदृष्ट्या कधीच स्वीकारार्ह असू शकत नाही, ही त्याची भूमिका. वरवर पाहता ही भूमिका लाभ-खर्चाच्या मुळावर घाव घालते, कारण त्या विश्लेषणात ‘परवडणारे’ मृत्यू गृहीत असतात.

व्यवहारात दोन्ही शेजारी नांदतात. अंतिम ध्येय शून्य असले तरी यंदाच्या निधीतून आधी काय करायचे हे ठरवावेच लागते. स्वीडनमध्येच 1998 पासून आलेले दोन-अधिक-एक रस्ते पाहा. रुंद दुपदरी रस्त्यावर मध्ये तारेचा अडथळा घालून आळीपाळीने एका दिशेला दोन आणि दुसरीला एक मार्गिका द्यायची, ही ती रचना. चौपदरी महामार्गाच्या मानाने ती खूपच स्वस्त पडली, आणि समोरासमोरच्या धडका जवळजवळ बंद झाल्यामुळे अशा रस्त्यांवरील मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. ध्येय नैतिक होते, पण तिथवर लवकर पोचवणारा मार्ग काटकसरीच्या विचारातून निघाला. जे धोरणकर्ते व्हिजन झिरोचा हवाला देऊन खर्चाची चर्चाच टाळतात, ते पुष्कळदा थोड्या ठिकाणी महागडी कामे करून बाकीचे रस्ते तसेच सोडतात.

विश्लेषण अनुकूल असतानाही उपाय का नाकारले जातात?

नॉर्वेचे संशोधक रूने एल्विक यांनी नॉर्वे आणि स्वीडनसाठी असा हिशेब मांडला होता की, सर्व उपाय काटेकोरपणे लाभ-खर्चाच्या क्रमाने निवडले तर त्या वेळच्या रस्ते मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक टळू शकतील. म्हणजे या विषयात पुढे गेलेल्या देशांतही फायदेशीर उपाय पडून होते. युरोपीय आयोगाच्या पाठबळावर चाललेल्या ‘रोझबड’ या प्रकल्पाने 2000 च्या दशकात नेमका हाच प्रश्न हाती घेतला: अशा विश्लेषणाच्या वापरात अडथळे कोणते? तत्त्वाचे, संस्थात्मक आणि तांत्रिक असे अडथळे त्यातून समोर आले.

संस्थात्मक अडथळा मला सर्वांत बलवान वाटतो. खर्च रस्ते विभागाचा होतो आणि बचत रुग्णालये, विमा कंपन्या व कुटुंबे यांच्या पदरी पडते. रस्ते विभागाच्या ताळेबंदात टळलेल्या शस्त्रक्रियेची नोंद नसते. काही ठिकाणी दंडाचे उत्पन्न तिजोरीत जाते आणि कॅमेऱ्याचा खर्च पोलिसांच्या माथी येतो. तिथे कॅमेरे वाढणार नाहीत हे सांगायला विश्लेषण लागत नाही.

राजकीय अडथळाही असाच समजण्याजोगा आहे. पार्किंग हटवलेल्या दुकानदाराला त्याचा तोटा उद्याच दिसतो, त्याला संघटना असते आणि तो निवेदन घेऊन येतो. ज्याचा अपघात टळला त्याला ते कधी कळतच नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने कोणी येत नाही. विश्लेषण या न आलेल्या माणसाची बाजू मांडते, हे त्याचे मोठे मोल आहे. पण मतदार त्याच्या जागी मत देत नाही, आणि निवडणूक चार-पाच वर्षांनी येते, वीस वर्षांनी नव्हे.

उलट, विश्लेषण प्रतिकूल असूनही उपाय मंजूर झाल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती अभ्यासण्याजोगी आहेत. मागे घेताना वाहनाखाली मुले सापडण्याच्या घटनांनंतर अमेरिकी काँग्रेसने 2008 मध्ये मागील दृश्यमानतेचा नियम करण्याचा आदेश दिला. नियामकाच्या हिशेबात पैशांत मोजलेला खर्च लाभापेक्षा जास्त येत होता आणि नियम वर्षानुवर्षे रखडला. अखेर मार्च 2014 मध्ये तो निघाला आणि मे 2018 पासून नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा व्यवहारात अनिवार्य झाला. मरणारी पुष्कळशी मुले अगदी लहान असतात आणि गाडी अनेकदा आई-वडीलच चालवत असतात. त्या दुःखाचे पैशांत मोजमाप करता येत नाही, पण ते निर्णयात धरले पाहिजे, असे समर्थन नियामकाने नोंदवले. यात पद्धतीचा अवमान झाला असे मला वाटत नाही. काय मोजले आणि काय मोजता आले नाही, हे उघडपणे लिहून घेतलेला तो निर्णय होता.

गुणोत्तर 1 पेक्षा जास्त आले की उपाय योग्य, असे समजावे का?

नाही. निधी मर्यादित असताना 1.2 गुणोत्तराचा उपाय केल्यामुळे 4 गुणोत्तराचा उपाय मागे पडत असेल, तर ते नुकसानच आहे. शिवाय लहान प्रकल्पांचे गुणोत्तर सहज मोठे दिसते; एकूण किती जीव वाचतात हे त्याच्याबरोबर पाहावे.

जिवाला किंमत न लावता तुलना करता येते का?

येते. एक मृत्यू टाळण्यासाठी किती खर्च येतो एवढेच मोजणाऱ्या पद्धतीला खर्च-परिणामकारकता विश्लेषण म्हणतात. अनेक धोरणकर्त्यांना ते पचायला सोपे जाते. मात्र दोन सुरक्षा उपायांपैकी कोणता निवडावा एवढेच त्यातून कळते. सुरक्षेवर एकूण किती खर्च करावा याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

पादचारी, सायकलस्वार आणि मुले या हिशेबात नीट येतात का?

बहुधा येत नाहीत. जगातील रस्ते मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकी-तिचाकीवरील माणसांचे असतात, आणि 5 ते 29 वर्षे वयोगटात रस्ते अपघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. तरीही वाहतुकीच्या मोजणीत गाड्या मोजल्या जातात, पायी चालणारे कमी मोजले जातात. सिग्नलपाशी गाडीला झालेला उशीर हिशेबात येतो, पण रस्ता ओलांडण्यासाठी थांबलेल्या पादचाऱ्याचा वेळ अनेकदा येतच नाही.

त्याहून सूक्ष्म अडचण अशी की, एखादा रस्ता इतका भीतिदायक असतो की लोक तो ओलांडणेच सोडून देतात. मग तिथे अपघात होत नाहीत, आणि हिशेबात तो रस्ता सुरक्षित दिसतो. मुलांना शाळेत गाडीने सोडावे लागणे, म्हाताऱ्या माणसाने घराबाहेर न पडणे, हे त्या सुरक्षिततेचे मोल असते आणि ते कोणत्याही रकान्यात भरले जात नाही.

या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

दिशेवर अधिक, दशांशावर कमी. सर्वांत ओळखीची त्रुटी म्हणजे सरासरीकडे परतणे. अपघातप्रवण ठिकाण निवडले जाते ते मागची दोन-तीन वर्षे वाईट गेली म्हणून. काहीही केले नसते तरी पुढची वर्षे बहुधा थोडी बरी गेली असती. ती घट उपायाच्या नावावर लिहिली की लाभ फुगतो. ब्रिटनमधील स्पीड कॅमेरा कार्यक्रमाच्या 2005 मधील मूल्यमापनात लाभ खर्चाच्या 2.7 पट असल्याचे म्हटले होते; त्याच अहवालाच्या परिशिष्टाने काही ठिकाणांच्या घटीचा मोठा भाग या परिणामामुळे असल्याचे दाखवले. कॅमेरे निरुपयोगी असा त्याचा अर्थ नव्हता, कारण हा भाग वजा केल्यावरही घट उरतच होती. पण विरोधकांना आयते हत्यार मिळाले.

दुसरीकडे काही त्रुटी लाभ कमी दाखवतात. पोलिसांच्या नोंदीत अनेक दुखापती येत नाहीत, विशेषतः एकट्या सायकलस्वाराच्या पडण्याच्या. आयुष्यभराचे अपंगत्व आणि घरात बसून शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाचे बुडालेले उत्पन्न क्वचितच पूर्णपणे मोजले जाते.

धोरणकर्त्यांच्या उपयोगी पडेल असे विश्लेषण कसे मांडावे?

ते लवकर द्यावे. रस्त्याची आखणी ठरल्यावर आलेला अहवाल फक्त समर्थनासाठी किंवा विरोधासाठी वापरला जातो. एकाच प्रकल्पाचे गुणोत्तर देण्याऐवजी त्याच निधीतून शक्य असलेले तीन-चार पर्याय शेजारी ठेवावेत, कारण ‘हे करावे का’ यापेक्षा ‘यांतले कोणते करावे’ हा प्रश्न समितीला जास्त कामाचा असतो. टळणारे मृत्यू आणि दुखापती पैशांत रूपांतर करण्याआधीच्या संख्येत दाखवाव्यात. ज्याला जीवनमूल्य मान्य नाही, तोही तो तक्ता वाचू शकतो. लाभ कोणाला आणि भार कोणावर, हे वेगळे लिहावे. वटाव दर, जीवनमूल्य आणि वेळेचे मूल्य बदलल्यास निकाल कुठे उलटतो ते सांगावे. मंत्र्यांना अनिश्चितता आवडत नाही, ही समजूत मला पटत नाही. नंतर सभागृहात अचानक समोर आलेली अनिश्चितता त्यांना आवडत नाही.

काम पूर्ण झाल्यावर हिशेब पुन्हा तपासला जातो का?

फार थोड्या ठिकाणी. इंग्लंडमध्ये प्रमुख रस्त्यांच्या मोठ्या प्रकल्पांचे मूल्यमापन रस्ता खुला झाल्यावर एका वर्षाने आणि पुन्हा पाच वर्षांनी करण्याची पद्धत आहे. एका वर्षात अपघातांचा कल नीट दिसत नाही, म्हणून दुसरी फेरी महत्त्वाची. अशा तपासणीसाठी काम सुरू होण्यापूर्वीच्या किमान तीन ते पाच वर्षांच्या अपघातनोंदी, वाहतुकीची मोजणी, सरासरी वेग आणि तुलनेसाठी जवळपासचे न बदललेले रस्ते एवढी सामग्री आधीच राखून ठेवावी लागते. मंजुरीच्या आदेशातच तिची तरतूद आणि निधी लिहिलेला नसेल, तर पाच वर्षांनी ती गोळा करणारे कोणी जागेवर नसते.